दम नाकामुळे लागत नव्हता

डोंबिवली स्टेशनचा पूल चढताना मी मध्येच कठडा धरून थांबले. खोल श्वास घेतला की उजव्या बरगडीखाली सुरी खुपसल्यासारखी कळ यायची. नाक चोंदलंय म्हणून दम लागतोय, अशी मनाची समजूत घातली आणि ठाण्याची लोकल पकडली.

सायनसचं दुखणं मला जुनंच. त्या वर्षी गौरींच्या आधी कपाळ, गाल ठणकायला लागले, ताप चढला. पाच दिवस अंथरुणावरच होते, पाणीही फारसं पोटात गेलं नाही. त्यात पाळीची तारीख नेमकी गौरी जेवायच्या दिवशी. मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मागवल्या. घरोघरी बायका घेतात, तशा मीही घेतल्या; डॉक्टरांना विचारावं असं डोक्यातही आलं नाही. डावी पोटरी दुखत होती, थोडी सुजलीही होती. जाऊबाई म्हणाल्या, तापाची कणकण असेल. मी तेल लावून पोटरी चोळली. एकच पाय असा सुजून दुखत असेल तर चोळायचा नसतो, हे नंतर कळलं.

ठाण्याला उतरताना डोळ्यांपुढे अंधारी आली. रुग्णालयात बोटाला यंत्र लावलं, ऑक्सिजन 89. पायाची डॉप्लर सोनोग्राफी झाली, मग शिरेतून औषध सोडून छातीचा सीटी स्कॅन. पोटरीतल्या शिरेत रक्ताची गुठळी होती आणि तिचे तुकडे फुफ्फुसात जाऊन अडकले होते.

"हे सायनसमुळे झालं का हो?" मी विचारलं. मे 2021 मध्ये कल्याण-डोंबिवलीत काळ्या बुरशीने कोविडचे दोन रुग्ण दगावले होते, ते मनात होतं. ती बुरशी नाकातून, सायनसमधून शिरते आणि रक्तवाहिन्याच बंद करते.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. सायनसमधला जंतुसंसर्ग क्वचित डोळ्यांमागच्या मोठ्या शिरेपर्यंत पोचतो, तिथे गुठळी होते आणि तिचे जंतू भरलेले तुकडे मानेतल्या शिरेतून, हृदयातून फुफ्फुसात जाऊ शकतात. पण तेव्हा पापणी सुजते, डोळा पुढे येतो, एकाचे दोन दिसतात, डोकं असह्य दुखतं. माझं तसं नव्हतं. संसर्गात रक्त गोठण्याकडे झुकतं, पडून राहिल्याने पायातलं रक्त संथ होतं, अंगात पाणी कमी. त्यावर त्या गोळ्या. या हार्मोनच्या गोळ्यांनीही गुठळीचा धोका वाढतो. सगळं एकाच आठवड्यात जुळून आलं होतं.

आधी पोटात इंजेक्शनं, मग सहा महिने रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या.

सायनस झालेल्या प्रत्येकीने घाबरावं असं मी म्हणत नाही. माझ्यासारखी गुठळी फार थोड्यांना होते. पण तापात पडून असाल तर दर दोन तासांनी उठून घरात चाला, पाणी प्या. आई, बहीण, मावशी यांच्यापैकी कुणाला गुठळी झाली असेल, तर पाळीच्या गोळीआधी ते डॉक्टरांना सांगाच. एकच पोटरी सुजली तर त्याच दिवशी दाखवा. आणि अचानक दम लागला, श्वासागणिक छातीत कळ आली, थुंकीत रक्त दिसलं, तर वाफ घेत बसू नका, लोकल तर मुळीच पकडू नका. 108 ला फोन करा. मी लोकलमध्ये घालवलेला तो अर्धा-पाऊण तास जिवावर बेतू शकला असता, असं डॉक्टर म्हणाले.

यंदा गौरी जेवल्या तेव्हा माझी पाळी चालू होती. नैवेद्य जाऊबाईंनी दाखवला. मी बाहेरच्या खोलीत बसून आरतीला टाळ्या वाजवल्या.