फंक्शनला नाव विचारू नकोस

चि. सोनूस,


लॉगच्या प्रत्येक ओळीपुढे फंक्शनचं नाव आपोआप छापायचं आणि त्यासाठी चालू प्रोग्रॅममध्ये त्या फंक्शनलाच नाव विचारायचं, हा तुझा बेत जावास्क्रिप्टमध्ये बऱ्यापैकी चालला असता. हॅस्केलमध्ये चालत नाही, पण ते भाषेचं अडाणीपण समजू नकोस. ‘दुप्पट’ नावाचं फंक्शन घे, आलेली संख्या तिच्यातच मिळवणारं. आणि ‘दुणे’, तीच दोनाने गुणणारं. कोणताही पूर्णांक दे, उत्तर एकच. म्हणून एकाच्या जागी दुसरं निर्धास्त ठेवता येतं, आणि अशा मुभेवरच हॅस्केलच्या जीएचसी कंपायलरचं निम्मं कसब चालतं: लहान फंक्शनचा मजकूर तो वापराच्या जागीच उतरवतो आणि मूळ फंक्शन अनेकदा शिल्लकच राहत नाही. नाव सांगणारी सोय असती, तर सारख्या वस्तूंनी वेगळी उत्तरं दिली असती आणि ऑप्टिमायझेशन चालू केल्याबरोबर तुझा लॉग बदलला असता. शिवाय जागच्या जागी लिहिलेल्या लॅम्डाचं काय? त्याचं तर बारसंच झालेलं नसतं.

तू म्हणशील, एर्लांग नाव सांगते की! सांगते, कारण चालू यंत्रणेतला कोड न थांबवता बदलायचा तर मॉड्यूल आणि फंक्शन नावानेच शोधावं लागतं. तिथे नाव हा व्यवहाराचा भाग आहे. तरीही बिननावाच्या फंक्शनला तिथे मिळतं ते कंपायलरने पाडलेलं नाव, फक्त माहितीपुरतं.

तुझी गरज मात्र खरी आहे. रात्री दोन वाजता बिघाड शोधणाऱ्याला तत्त्वज्ञान नको, जागा हवी असते. नाव हे फंक्शनचं नसून सोर्समधल्या जागेचं असतं. तेव्हा ते तिथेच, कंपाइल होतानाच उचलावं. ओकॅमलने 4.12 पासून नेमकं हेच केलं. हॅस्केलमध्ये जीएचसी 8.0 पासून हॅसकॉलस्टॅक आहे: लॉग फंक्शनच्या टाइपमध्ये ते घातलंस की कंपायलर बोलावणाऱ्या जागेची फाइल आणि ओळ गुपचूप सोबत पाठवतो. त्या जागेला वेढणाऱ्या फंक्शनचं नाव हवं असेल, तर त्याच्याही टाइपमध्ये ते लिहावं लागतं. मध्ये एकाने वगळलं की साखळी तिथेच तुटते. हे कटकटीचं आहे, कबूल. पण माहिती कुठून कुठे जाते ते टाइपमध्ये उघड दिसतं, आणि चोरवाटेने आलेल्या नावापेक्षा मला हे पसंत आहे.

आधी फक्त लॉग फंक्शनचा टाइप बदल आणि छापून येणारी पहिली ओळ मला पाठव.

तुझा,
काका