शंका-समाधान : रस्ता कोणाच्या वहीत?

पावसाळा सरला की या सदराच्या टपालात खड्डेच खड्डे येतात. बहुतेकांचं घोडं एकाच ठिकाणी अडलेलं असतं : दाद मागायची कोणाकडे?

शंका : फाट्यापासून आमच्या गावापर्यंतचा रस्ता पार उखडलाय. जिल्हा परिषदेत गेलो तर ‘तो बांधकामकडे गेला’ म्हणतात. बांधकाम खात्यात गेलो तर ‘आमच्याकडे अजून आलेला नाही’. मग तो आहे तरी कोणाचा?

उत्तर : दोघांचंही खरं असू शकतं. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचे, राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचे, अशी वाटणी आहे. कोणाच्या तरी खटपटीने एखाद्या रस्त्याची ‘दर्जोन्नती’ होते, शासन निर्णय निघतो, पेढे वाटले जातात. हस्तांतराचा कागद मात्र टेबलावरच राहतो, आणि तेवढ्या काळात रस्त्याला वाली उरत नाही.

आधी किलोमीटरचा दगड पाहा. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय, हिरवं असेल तर राज्यमार्ग, नारिंगी असेल तर ग्रामसडक. पण दगडावर फार विसंबू नका. दर्जा बदलला तरी रंग जुनाच राहतो. खरा पुरावा रस्त्याचा क्रमांक : ग्रा.मा., इ.जि.मा., प्र.जि.मा. असं लिहून पुढे आकडा असतो. जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागात शाखा अभियंत्याकडे तो मिळतो. मिळाला नाही तर माहिती अधिकारात दोनच गोष्टी मागा : रस्त्याचा क्रमांक, आणि दर्जोन्नती झाली असल्यास शासन निर्णयासह हस्तांतराचं पत्र. ‘रस्ता खराब का?’ असं विचारलंत तर उत्तरही तसंच मोघम येईल.

रस्ता पंतप्रधान ग्रामसडक योजनेतला असेल तर काम सोपं. तिथे पहिली पाच वर्षं देखभाल ठेकेदाराच्याच अंगावर असते आणि ती करारातच लिहिलेली असते. सुरुवातीच्या फलकावर त्याचं नाव आणि काम पूर्ण झाल्याची तारीख असते. फलक गंजून पडायच्या आत त्याचा फोटो काढून ठेवा.

आता पैशाचं. जिल्हा परिषदेच्या कुठल्याही सदस्याला 3054 आणि 5054 हे आकडे झोपेतही आठवतात. ही सरकारी लेखाशीर्षं आहेत : 3054 महसुली, म्हणजे मुख्यतः देखभाल-दुरुस्तीचं, 5054 भांडवली, म्हणजे नव्या बांधणीचं. प्रत्यक्षात 3054 मधूनही मजबुतीकरणाची मोठी कामं निघतात, आणि नारळ फोडता येतो तो मोठ्याच कामाचा. गटार उपसायला, साइडपट्टीवरची माती खरवडायला कोणी पाहुणा बोलवत नाही. साइडपट्टी चढली की पावसाचं पाणी गटारात न उतरता डांबरावर साचतं, खडी सुटते आणि जाणाऱ्या-येणाऱ्या एसटीच्या चाकांखाली भगदाड पडतं. ग्रामसभेत नवा रस्ता मागा, जरूर मागा. पण आधी मेच्या आत गटारं उपसून मागा.

शंका : मुंबई-गोवा महामार्ग राष्ट्रीय आहे, तरी राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण म्हणतं ‘हा टप्पा आमचा नाही’. हे कसं?

उत्तर : महामार्ग केंद्राचा असला तरी तो प्राधिकरणच बांधेल असं नाही. 66 क्रमांकाच्या या मार्गावर पनवेल ते इंदापूर हा टप्पा प्राधिकरणाकडे (हे इंदापूर रायगडातलं, पुण्याकडचं नव्हे), आणि तिथून झारापपर्यंत राज्याच्या बांधकाम विभागाची राष्ट्रीय महामार्ग शाखा केंद्राच्या पैशातून काम पाहते. अर्ज लिहिताना किलोमीटर क्रमांक घाला, म्हणजे टोलवाटोलवीला जागा कमी उरते.

शंका : शहरात खड्ड्यात दुचाकी घसरून माझा हात मोडला. भरपाई मिळते का?

उत्तर : मिळू शकते. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे होणाऱ्या मृत्यूसाठी 6 लाख, तर जखमींसाठी 50 हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली. महापालिका हद्दीत ती ठरवायला आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती आहे. पोलिसांतली नोंद, दवाखान्याची कागदपत्रं आणि खड्ड्याचा त्याच दिवसाचा फोटो जपून ठेवा. तक्रार गेली की खड्डा रातोरात बुजतो, एरवी कधी नव्हे इतक्या तत्परतेने. रस्ता कोणाचा हे इथेही पाहावं लागतंच. मुंबईचे पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग 2022 पर्यंत एमएमआरडीएकडे होते, आता महापालिकेकडे आहेत.

शंका : गाडी घेतानाच रोड टॅक्स भरला. मग टोल कशाला? आणि फास्टॅगचा वर्षाचा पास द्रुतगती मार्गावर का चालला नाही?

उत्तर : ज्याला आपण रोड टॅक्स म्हणतो तो राज्याचा मोटार वाहन कर. तो राज्याच्या तिजोरीत इतर करांबरोबर जमा होतो. त्यातून रस्ताच करावा असं बंधन नाही. रस्त्याच्या नावाने खरंच बाजूला पडतो तो पेट्रोल-डिझेलवरचा केंद्राचा उपकर. त्याचा 2000 च्या कायद्याने निधी झाला, पण 2018 पासून त्यात रेल्वे आणि इतर पायाभूत कामंही वाटेकरी आहेत. टोल ही तिसरीच गोष्ट : ज्या यंत्रणेचा रस्ता, तिची वसुली. वर्षाच्या पासात 200 फेऱ्या मिळतात, पण राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवरच. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी हे राज्य रस्ते विकास महामंडळाचे, म्हणून तिथे नेहमीचाच टोल कापला जातो. प्रवासाआधी खात्यात पैसे ठेवा.