डोंगरी वेगळी, तिरडी वेगळी

चि. सोनूस,


काल रात्री तुझ्या आईचा फोन आला होता. "दादा, तिला सांग ना, पाककृती लिही म्हणावं," म्हणून रडायलाच लागली. तुझ्या लेखाचं कात्रण मागवलं आणि समोरचा चहा पार निवेपर्यंत दोनदा वाचलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विधवांना का बोलावत नाहीत, हा तुझा सवाल रास्त आहे. भाषा जरा चढलीय, पण तुझ्या वयात माझी याहून चढायची.

संपादकांकडे चाळीस पत्रं आलीत म्हणे. त्यातली एकोणचाळीस बाजूला ठेव. स्टेशनपलीकडच्या मंडळाच्या अध्यक्षबाईंचं तेवढं नीट वाच. "शहरातल्या एकाही मंडळाने आजवर विधवेला वाण दिलेलं नाही," असं तू ठोकून दिलंस. त्या बाई सहा वर्षं देताहेत. फोटोही जोडलेत. लिहिण्याआधी एक फोन केला असतास तर?

आगरकरांचं नाव तू लेखात घेतलंस, म्हणून त्यांच्याच दोन गोष्टी सांगतो. 1882 मध्ये 'केसरी' आणि 'मराठा'ने कोल्हापूरच्या दिवाणांवर, माधवराव बर्व्यांवर, तोफ डागली ती काही पत्रांच्या भरवशावर. पत्रं बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी शिक्षा झालीच आणि दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. हेतू शुद्ध होता, कागद खोटा होता. कोर्ट कागद बघतं.

पुढे 'केसरी' सोडून आगरकरांनी 1888 मध्ये 'सुधारक' काढलं. विधवांचं केशवपन, संमतिवय, फार काय, बायकांनी जाकिटं घालावीत, हेसुद्धा लिहिलं. पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. तिथे त्यांनी माफी मागितली नाही, मागायचं कारणही नव्हतं. अवघ्या अडतिसाव्या वर्षी गेले, तोवर लिहीत राहिले. डोंगरी वेगळी आणि ती तिरडी वेगळी. तुझ्या लेखात दोन्ही एकाच परिच्छेदात आहेत, म्हणून एवढं लांबण लावलं.

डोंगरीच्या जातीची चूक मीही केलीय. एका गावात गायरान लाटल्याचा आरोप मी सदरात केला, तीन कॉलम, वर चौकट. चौथ्या दिवशी धोतरातले एक म्हातारे कचेरीत आले. ओरडले नाहीत. पिशवीतून सातबारा काढला, टेबलावर पसरला आणि गट नंबरावर बोट ठेवलं. जमीन त्यांच्या आजोबांपासूनची. मी शेजारचा गट वाचला होता! दिलगिरी छापली ती चार ओळींची, पान सातवर, निविदा-सूचनांच्या खाली. ते बोट मला अजून दिसतं.

बदनामीचा कायदाही एकदा वाचून ठेव. भारतीय न्याय संहितेचं कलम 356. खरं असलं म्हणून सुटका नाही, ते लोकहितासाठी छापलं होतं हेही दाखवावं लागतं. आणि पेपर पाठीशी उभा राहीलच, हे गृहीत धरू नकोस. 2016 मध्ये एका मोठ्या मराठी दैनिकाने मदर तेरेसांवरचा अग्रलेखच दुसऱ्या दिवशी मागे घेतला होता. अग्रलेखाची ही गत, तर आपल्या आठवड्याच्या सदराचं काय? मानधनावर घर चालत नाही, तेव्हा शाळेतली नोकरी सोडायचा विचार तूर्त डोक्यातून काढ.

मला खरी भीती वेगळीच आहे. गेल्या महिन्यात तुझं एसटी स्टँडवरच्या हमालांवरचं टिपण आलं. उत्तम होतं, पण एकही पत्र आलं नाही. या वेळी चाळीस आली. आता हात आपोआप चाळीस पत्रांच्या विषयाकडे वळेल. आमच्यातले दोघे-तिघे असेच वाया गेले. आधी विषयाला चावायचे, मग चावण्यासाठी विषय शोधायचे. शेवटी वाचक त्यांचं नाव बघूनच ठरवायचा आज राग कुणावर, लेख वाचायचीसुद्धा गरज उरली नाही. हमालांवरचं लिहिणं थांबवू नकोस.

आणि विधवांचा मुद्दा सोडू नकोस. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला तो 2022 च्या मे महिन्यात. आगरकर जाऊन तोवर सव्वाशेहून अधिक वर्षं झाली होती. तेव्हा एका लेखाने शहर पालटलं नाही म्हणून रुसायचं कारण नाही.

अध्यक्षबाईंना फोन नको, घरी जा. सहा वर्षं कोण येतं, कोण येत नाही, आलेल्यांच्या घरचे काय म्हणतात, हे विचारून वहीत उतरव. तुझा खरा लेख त्या घरात आहे, तो पहिल्याच खेपेला हुकला. पुढचा मजकूर बुधवारी द्यायचा ना? दुरुस्ती पहिल्या परिच्छेदात घाल, चौकटीत नको, तळाशी तर नकोच. बाकीच्या मताचा एक शब्दही मागे घेऊ नकोस.

आईशी मी बोलतो.

तुझा,
मामा