मागचं धूसर करून घ्यायला किती पैसे मोजावेत?

लगीनसराई जवळ आली की हिंगोलीत फोटोग्राफरकडे येणाऱ्या गिऱ्हाइकाची एक मागणी ठरलेली असते: "मागचं सगळं ब्लर पाहिजे." वसमतकडे हळदीच्या वावरात प्री-वेडिंग करायचं असो की सिद्धेश्वर धरणाच्या काठावर, नवरा-नवरी तेवढी ठसठशीत आणि मागचं लोण्यासारखं मऊ, हा नमुना आता सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसलाय. कॅमेरावाले या धूसरपणाच्या पोताला 'बोके' म्हणतात. मागचं किती धूसर होतं हा एक प्रश्न आणि ते दिसतं कसं हा दुसरा. पहिल्याला फार खर्च येत नाही, दुसऱ्याला येतो. लोक मात्र बहुतेक वेळा पहिल्यासाठीच दुसऱ्याचे पैसे मोजून मोकळे होतात.

थोडं गणित करू, कारण पैसे त्यातच वाचतात. लेन्सच्या फोकल लेंथला एफ-आकड्याने भागलं की उजेड आत येण्याच्या वाटेची रुंदी मिळते. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ची किट लेन्स ५५वर नेली तर ही वाट जेमतेम १० मिलिमीटर. ५० एमएम एफ/१.८ची सुमारे २८, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याएवढी. ८५ एमएम एफ/१.८ची ४७. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याची तीन-चार मिलिमीटर. माणूस फोटोत तेवढाच मोठा ठेवला आणि मागचं दूर असलं, तर धूसरपणा साधारण याच रुंदीच्या प्रमाणात वाढतो. १०वरून २८वर जायला दहा हजारांच्या आसपास लागतात. २८वरून ४७वर जायला त्याच्या साडेतीन-चार पट. माझ्या मते हौशी माणसाने दुसरी पायरी चढायची घाई करू नये.

आधी फुकटातला उपाय. किट लेन्स ५५वर न्या, माणसाच्या जवळ जा आणि माणसाला भिंतीपासून पंधरा-वीस फूट पुढे आणा. एवढ्यानेही बरंच काम होतं. याच कारणाने मंडपातल्या स्टेजवर भारी लेन्सचे जादा पैसे देणं मला पटत नाही. तिथे फुलांचा पडदा जोडप्याच्या मागे दोन-तीन फुटांवर असतो, तो विरघळणार कसा? उलट ५० एमएम एफ/१.८वर दीड मीटरवरून फोटो काढला, तर साध्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात जेमतेम सहा सेंटिमीटर खोलीच स्पष्ट येते. नवरी स्पष्ट आणि वीतभर मागे बसलेला नवरदेव धूसर, असा फोटो त्याच्या आईला दाखवून बघा.

मोबाइलचा पोर्ट्रेट मोड धूसरपणा हिशेबाने तयार करतो: कोण पुढे, कोण मागे याचा अंदाज बांधायचा आणि मागच्यावर मऊपणा फिरवायचा. तो कुठे फसतो ते मुंडावळ्यांत दिसतं. दोन लडींच्या मधल्या फटीतून मागची भिंत डोकावते. मोबाइल ती फट चेहऱ्यातच धरतो आणि तेवढीच भिंत कडक ठेवतो, किंवा एखादा मोती मागच्यासोबत विरघळवून टाकतो. नथीचं कडं, गजऱ्याबाहेर आलेली बट, चष्म्याची दांडी इथेही तेच. स्क्रीनवर हे खपून जातं, करिज्मा अल्बमच्या मोठ्या पानावर डोळ्यांत खुपतं. स्टेटसला ठेवण्यापुरता फोटो हवा असेल तर मोबाइल पुरे, त्यासाठी कॅमेरा घेऊ नका.

आता खरेदी. पुढचे भाव अंदाजाचे आहेत, सणासुदीच्या सवलतीत खाली-वर होतात. कॅनॉनच्या डीएसएलआरसाठी ५० एमएम एफ/१.८ एसटीएम दहा हजारांच्या आगेमागे मिळते. निकॉनची ५० एमएम एफ/१.८जी पंधरा ते वीस हजार. मिररलेस कॅमेरा असेल तर कॅनॉन आरएफ किंवा सोनीची ५० एमएम सोळा ते वीस हजारांत बसते. योंगनुओची चिनी लेन्स पाच-सहा हजारांत येते, पण तिचं फोकस गडबडतं आणि वरातीत दुसरी संधी मिळत नाही. ८५ एमएम एफ/१.८ पस्तीस ते पन्नास हजार. ७०-२०० एफ/२.८ नवी घ्यायची तर गोष्ट लाखांत जाते. ती धंद्याची वस्तू आहे, घरची नाही.

जुनी घेताना एक फरक नीट ओळखा. कॅनॉनची आधीची ५० एमएम एफ/१.८ 'टू' आणि २०१५ साली आलेली एसटीएम नावाने सारख्या वाटतात. 'टू'ला कॅमेऱ्यात बसायची कडी प्लॅस्टिकची आणि आत पाच पाती, एसटीएमला कडी धातूची आणि सात गोलसर पाती. एफ/२.८ला 'टू'मधून मागचा प्रत्येक दिवा पंचकोनी होतो. निकॉनवाल्यांसाठी सापळा वेगळा. स्वस्तातली ५० एमएम एफ/१.८डी ही डी३५००, डी५६०० अशा कॅमेऱ्यांवर आपोआप फोकस करत नाही, कारण त्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नाही. आणि जुनी लेन्स कुठलीही असो, आरपार टॉर्च मारून बुरशीचं जाळं बघितल्याशिवाय पैसे काढू नका.

पोत कसा आहे हे दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कळत नाही. हिंगोलीकरांना त्यासाठी रामलीला मैदानावरच्या दसरा प्रदर्शनासारखी जागा नाही. एरवी लग्नाच्या घरची लाइटिंगची माळही चालते. माणूस दीड मीटरवर, माळ त्याच्या मागे वीस फुटांवर, लेन्स पूर्ण उघडी. प्रत्येक दिव्याची एक चकती होईल, ती झूम करून बघा. कडेला उजळ रेघ असेल तर गवत, बाभळीच्या फांद्या, हळदीची पानं मागे आली की ती दुहेरी होऊन कचकच दिसतील. कड मऊ विरत गेली तर लेन्स चांगली. चकतीच्या आत कांद्यासारखी वलयं दिसली, तर ती साच्यात दाबून केलेल्या अ‍ॅस्फेरिकल भिंगाची खूण. फोटोच्या कोपऱ्यात चकत्या मांजराच्या डोळ्यासारख्या चपट्या होतात. ते जवळपास सगळ्याच लेन्समध्ये असतं, लेन्सची वाट एक-दोन पायऱ्या बंद केली की कमी होतं. रशियन हेलिओस ४४-२ मागचं भोवऱ्यासारखं फिरवते म्हणून हौशी लोक तिच्यावर पाच-आठ हजार घालतात. फोकस हाताने, अडॅप्टर वेगळा. गंमत म्हणून घ्यावी, ऑर्डरवर नेऊ नये.

किमतीच्या पाटीवर नसलेला खर्चही धरा. मराठवाड्यातल्या भर दुपारच्या उन्हात एफ/१.८ला १/८००० सेकंदाच्या आसपास शटर लागतं आणि अनेक स्वस्त कॅमेरे १/४०००वरच थांबतात. मग फोटो पांढराफटक. उपाय म्हणजे उजेड कमी करणारा एनडी फिल्टर, पाचशे ते दीड हजार रुपये. एसटीएमला ४९ मिलिमीटरचा, निकॉन ५०जीला ५८चा. नाहीतर संध्याकाळी पाचनंतर शूट ठेवा, तेही फुकट. कॅनॉनची जुन्या माउंटची लेन्स नव्या आर-मालिकेवर बसवायची तर अडॅप्टरच लेन्सच्या किमतीच्या जवळ जातो. मिररलेसवर वेगवान शटरला चकत्या अर्ध्या कापलेल्या दिसल्या तर लेन्स बदलायला धावू नका, 'इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन' बंद करून बघा.

स्वतः काढायचे नसतील आणि फोटोग्राफर लावायचा असेल, तर इसार देण्याआधी एकाच लग्नाची सगळी फाइल मागा. निवडक दहा फोटोंवर भुलू नका. मागचं लेन्सने धूसर केलंय की लाइटरूममध्ये नंतर, हेही विचारा; मुंडावळ्या आणि केसांच्या कडा बघितल्या की तुम्हालाही कळेल. नंतर करण्यात गैर काही नाही, पण त्याला भारी लेन्सचा भाव लावू देऊ नका. कुठल्या लेन्स येणार आणि कॅन्डिडला वेगळा माणूस आहे का, हे कोटेशनवर लिहून घ्या. एकाच दिवसासाठी खास लेन्स हवी असेल तर पुण्या-मुंबईत ती भाड्याने मिळते. ५० एमएमचं भाडं दिवसाला काही शे, ७०-२००चं हजाराच्या पुढे. अनामत आणि जाण्या-येण्याचे दिवस धरले, तर हिंगोलीहून ५० एमएम भाड्याने आणण्यापेक्षा विकत घेणं परवडतं.

औंढा नागनाथला फोटो काढणार असाल तर हे सगळं बाजूला ठेवा. त्या मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवरचं कोरीवकाम धूसर करायला एवढ्या लांब कशाला जायचं? एफ/८ लावा.

खरेदीचं जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर लेन्सचा सीरियल नंबर लिहून घ्या आणि भारतातली वॉरंटी आहे ना ते विचारा. दोन-तीन हजारांनी स्वस्त मिळणारा परदेशातून आलेला माल इथल्या सर्व्हिस सेंटरमध्ये वॉरंटीत घेत नाहीत. दुकानदार किंवा फोटोग्राफर शब्द फिरवू लागला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही, मात्र बिल आणि लिहून घेतलेलं कोटेशन जवळ हवं.