हात थरथरतो म्हणून गोळी?

शालेय स्पर्धांचा मोसम आला की नेमबाज आणि तिरंदाज मुलांचे पालक हमखास विचारतात, "डॉक्टर, स्पर्धेच्या दिवशी हात थरथरतो. एखादी गोळी द्याल का?"

नाही देणार. प्रोप्रानोलोलसारख्या बीटा ब्लॉकर गोळ्यांनी थरथर कमी होते, हे खरं. पण या दोन्ही खेळांत त्या निषिद्ध आहेत, अगदी स्पर्धा नसतानाही. 2008च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूची दोन पदकं याच औषधापायी गेली. शिवाय दमेकरी मुलाचा श्वास या गोळीनं कोंडू शकतो. तेव्हा आजोबांच्या डब्यातली अर्धीसुद्धा नको.

मुळात धडधड हा आजार नाही. अ‍ॅड्रिनलिन वाढलं की तळहात घामेजतात, सारखं लघवीला लागतं, अन्न जात नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेनं 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं. पोटात कालवाकालव होती, काळ्या चहाशिवाय काही घेतलं नव्हतं, असं त्यानंच नंतर सांगितलं. गुणफलकाकडे न बघता त्यानं श्वासाकडे लक्ष ठेवलं. (उपाशी राहण्याचं अनुकरण नको! दोन-तीन तास आधी थोडे पोहे किंवा केळं खा.)

श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते. म्हणून चार मोजत नाकानं श्वास घ्या, सहा मोजत सोडा. पाच मिनिटं, रोज. स्पर्धेच्या सकाळी पहिल्यांदा करून पाहण्यात अर्थ नाही.

सरावात मुद्दाम दडपण आणा. क्लबमधली सगळी मुलं मागे उभी करा, त्यांना बडबडू द्या, आणि एकच शॉट मारा. प्रत्येक शॉटचा क्रम ठरलेला हवा: पाय, खांदा, गाल, श्वास, ट्रिगर. नेम धरून आठ-दहा सेकंदांत शॉट सुटला नाही, तर रायफल खाली घ्या आणि पुन्हा पायापासून सुरू करा. घाबरलेलं पोर नेमकं हेच करत नाही. ओढूनताणून ट्रिगर दाबतं. आणि पालकांनो, गॅलरीतून बोटांनी गुण दाखवणं बंद करा.

झोप आठवडेच्या आठवडे उडाली, मूल मैदानच टाळू लागलं, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्रीडा मानसतज्ज्ञाला दाखवा. खेळताना छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली तर मात्र ते टेन्शनच्या खात्यावर टाकू नका. लगेच डॉक्टरांकडे न्या, ईसीजी काढा. तोवर सराव बंद.