परसातील खुराडे: ओटा, आवार आणि जाळी

प्रश्न: वसमत तालुक्यात घरामागे दहा गावरान कोंबड्यांसाठी खुराडे कसे बांधावे?

उत्तर: हिंगोली जिल्ह्यातील काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून खुराड्याचा ओटा मुरूम चोपून दीड-दोन फूट उंच घ्यावा व लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे दुपारनंतरचे तिरपे ऊन लांब बाजूंनी आत शिरत नाही. दहा पक्ष्यांना आत २० चौरस फूट पुरतात. आवार, म्हणजे दिवसा फिरण्याची जाळीबंद जागा, १०० चौरस फूट असावे. काटकसर जाळीत मात्र करू नये, कारण पातळ षट्कोनी जाळी कोंबडीला अडवते, मुंगसाला नव्हे. तेथे अर्ध्या इंची वेल्डमेश लावून ती फूटभर जमिनीत पुरावी. पत्र्यावर उन्हाळ्यात तुराट्यांचा जाड थर घालावा, कारण तापलेल्या पत्र्याखाली कोंबड्या धापा टाकतात व अंडी घटतात.