शिटी, संत्रा बर्फी आणि एम-थ्री

सायकॉलॉजी म्हणजे वेड्यांचं शास्त्र, असं आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं. खरं तर माणूस कसा शिकतो, विचार करतो आणि वागतो याचा तो अभ्यास. १८७९ मध्ये विल्हेल्म वुंट यांनी लाइपझिगला प्रयोगशाळा काढली, तेव्हापासून ते स्वतंत्र शास्त्र मानलं जातं. त्यातल्या तीनच संकल्पना सांगते, आमच्या कुहीच्या उदाहरणांनी.

१. अभिजात अभिसंधान
रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह कुत्र्याला खाणं देण्याआधी दर वेळी एक ठरावीक आवाज ऐकवायचे. काही दिवसांनी नुसत्या आवाजानेच त्याला लाळ सुटू लागली.

आमच्याकडे इतवारी-नागभीड नॅरोगेज गाडी होती. आजोबा इतवारीत कामाला. संध्याकाळी त्याच गाडीने यायचे आणि येताना संत्रा बर्फी आणायचे. मग काय, गाडीची शिटी वाजली की आजोबा घरी पोहोचायच्या आधीच आम्हा पोरांच्या तोंडाला पाणी! पुढे त्यांनी काम सोडलं. शिटी वाजायची, बर्फी यायची नाही. हळूहळू पाणी सुटणं थांबलं. याला म्हणतात विलोपन. २०१९ मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी ती गाडीही बंद झाली. पण परवा नागपूर स्टेशनवर इंजिनाची शिटी ऐकली आणि पुन्हा पाणी सुटलं! म्हणजे विलोपन झालं तरी शिकलेलं पुसलं जात नाही, फक्त दबून राहतं.

२. साधक अभिसंधान
स्किनर म्हणतात, वागण्याचा परिणाम काय मिळतो त्यावर ते वागणं वाढतं किंवा कमी होतं. आता माझी गोष्ट. एम-थ्रीमध्ये माझा दोनदा बॅक लागला. नंतर पुस्तक उघडलं की पोटात गोळा यायचा. मिटलं की बरं वाटायचं. म्हणजे पुस्तक मिटायचं मला रोज बक्षीस मिळत होतं! हेच नकारात्मक प्रबलन. पुष्कळ जण याला शिक्षा समजतात, पण तसं नाही. त्रास दूर होतो, म्हणून ते वागणं वाढतं.

३. शिकलेली हतबलता
१९६७ मध्ये सेलिगमन आणि मायर यांनी कुत्र्यांना टाळता न येणारे विजेचे झटके दिले. नंतर नुसती उडी मारून सुटता येत होतं, तरी बरेच कुत्रे जागेवरच बसून राहिले. ‘माझ्याने होतच नाही’ म्हणणारी मी अगदी तशीच! पण २०१६ मध्ये याच दोघांनी आपलं म्हणणं बदललं. त्रास लांबला की गप्प बसणं ही मेंदूची मुळातलीच प्रतिक्रिया आहे. शिकावं लागतं ते हे, की काहीतरी आपल्या हातात आहे.

हे वाचून मी एकच नियम केला. एक तरी गणित सुटल्याशिवाय पुस्तक मिटायचं नाही, मग ते सगळ्यात सोपं का असेना. गोळा अजून येतो, पण आता तो गणित सुटल्यावर जातो, पुस्तक मिटल्यावर नाही. तिसऱ्यांदा पेपर द्यायचा आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल.

आणि हो, झोप-जेवण उडण्याइतका त्रास होत असेल तर एकटे कुढू नका. घरी बोला, डॉक्टरांना भेटा, किंवा टेली-मानसच्या १४४१६ या मोफत नंबरवर फोन करा. उडी मारायची पहिली पायरी तीच.